शुभेच्छा, अटी लागू

नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग आटोपलं की अमेरिकेतल्या जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसात मला लिफ्टची धास्ती वाटायला लागते. तळमजल्यापासून बाविसाव्या मजल्यापर्यंत ४० सेकंद. एरवी तेवढ्यात थंडीबद्दल दोन वाक्यं होतात आणि सुटका होते. डिसेंबरात मात्र बाहेर पडताना समोरच्याला काहीतरी शुभ बोलावं लागतं, आणि नेमकं काय बोलायचं ते त्याचं आडनाव, गळ्यातली साखळी आणि स्वेटरवरची नक्षी बघून त्या ४० सेकंदांत ठरवावं लागतं. आमच्याकडे स्थळं सुचवणाऱ्या मावश्याही कुळी काढायला याहून जास्त वेळ घेतात.

'मेरी ख्रिसमस' म्हणावं तर समोरचा ज्यू निघतो आणि फारच समजूतदार हसतो. 'हॅपी हॉलिडेज' म्हणावं तर एखादा 'मेरी' वर असा जोर देऊन 'मेरी ख्रिसमस' म्हणतो की आपण त्याचा येशू पळवला होता आणि त्याने तो हिसकावून परत घेतला. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्पसाहेबांनी 'आपण पुन्हा मेरी ख्रिसमस म्हणणार' असं भाषणाभाषणांतून सांगितलं, तेव्हापासून तर शुभेच्छेवरून माणसाचं मतही ओळखतात म्हणे. त्याच्या आदल्याच वर्षी स्टारबक्सने डिसेंबरातल्या लाल कपांवरची नक्षी काढून ते नुसते लाल ठेवले, तर तेवढ्यावरून ख्रिसमसवर हल्ला झाल्याची हाकाटी झाली होती. बरं, हॉलिडे म्हणजे तरी मुळात होली डे, पवित्र दिवसच. हे मी एकदा लिफ्टमध्ये बोलून दाखवलं. तो गृहस्थ बाराव्या मजल्यावर उतरला. त्याचं ऑफिस अठराव्यावर होतं.

शेवटी मी एक युक्ती काढली. आपण गप्प राहायचं, समोरच्याला आधी बोलू द्यायचं आणि मग 'यू टू' म्हणून मोकळं व्हायचं. युक्ती उत्तम होती, पण एके दिवशी तीच युक्ती करणारा दुसरा एक जण भेटला. आम्ही दोघं बाविसाव्या मजल्यापर्यंत एकमेकांच्या बुटांकडे बघत गेलो आणि दार उघडताच एकदम 'यू टू' म्हणालो.

अशात मला एचआरच्या बाईंनी बोलावलं आणि 'समावेशक हिवाळी उत्सव समिती'वर घेतलं. "तुझा दृष्टिकोन वेगळा असेल," त्या म्हणाल्या. म्हणजे तू यांच्यातलीही नाहीस आणि त्यांच्यातलीही नाहीस. वरपक्ष आणि वधूपक्ष हमरीतुमरीवर आले की भटजींना मध्ये घालतात, तसं.

पहिल्या बैठकीचा विषय होता झाड. झाड ठेवायचं यावर एकमत होतं, त्याला म्हणायचं काय यावर दीड तास गेला. 'ख्रिसमस ट्री' नको, 'हॉलिडे ट्री' म्हटलं तर 'मेरी ख्रिसमस'वाले चिडतात. शेवटी कागदोपत्री 'सजवलेली वनस्पती' असं ठरलं. आमच्या विधी विभागातला माणूस तेव्हापर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "आपल्या जर्सी सिटीचीच केस आहे." आणि मग त्याला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

झालं होतं असं. इथल्या सिटी हॉलसमोर पालिका बाळ येशूचा गोठा आणि ज्यूंची मेनोरा, म्हणजे त्यांची अनेक दिव्यांची समई, मांडायची. सरकारने धर्माची बाजू घेऊ नये म्हणून लोक कोर्टात गेले आणि कोर्टाने ते बंद करायला सांगितलं. मग पालिकेने त्याच देखाव्यात प्लास्टिकचा सांताक्लॉज, बर्फाचा बाहुला आणि लाल घसरगाडी आणून ठेवली. १९९९ साली वरच्या कोर्टाने सांगितलं, आता चालेल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अलिटो पुढे सुप्रीम कोर्टात गेले. त्याआधी १९८४ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावचा गोठा सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ असा वाचला होता, कारण शेजारी सांताचं घर, रेनडिअर, विदूषक, हत्ती आणि टेडी बेअर उभे होते. थोडक्यात, बाळ येशू एकटा असला तर तो धर्म, आणि हत्तीबरोबर असला तर तो सण. जामीनदार म्हणून रेनडिअर लागतातच. मला आपल्या गणपतीचं कौतुक वाटलं. तो हत्ती घेऊनच येतो.

हे सगळे नियम सरकारी जागेचे, आपल्या खाजगी कंपनीला त्यातलं काहीच लागू नाही, हे त्याने सर्वांत शेवटी सांगितलं. तोवर बर्फाच्या बाहुल्याची ऑर्डर गेली होती.

बॉस्टनकडच्या एका सभासदाने मग आणखी मागचं काढलं. १६५९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ख्रिसमस पाळताना सापडलं तर ५ शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. दंड करणारे कोण, तर प्युरिटन, म्हणजे कडवे ख्रिस्तीच. बायबलात तारीख दिलेली नाही आणि लोक नुसते पिऊन दंगा करतात, हे त्यांचं म्हणणं. दुसरा मुद्दा आमच्या गेल्या वर्षीच्या पार्टीला तंतोतंत लागू होता, म्हणून आम्ही घाईने पुढच्या विषयाकडे वळलो.

पुढचा विषय होता बिस्किटं. चांदणी नको, कारण पाच टोकांची केली तर बेथलेहेम, सहा टोकांची केली तर ज्यू. झाड नको, घंटा नको. गोल आकार कुठल्याच धर्माचा नाही म्हणून गोल बिस्किटं आली. आमची ज्यू सभासद कंटाळून म्हणाली, "हनुक्का हा मुळात आमचा छोटासा सण. तुमच्या ख्रिसमसच्या शेजारी राहतो म्हणून त्याला तुम्ही एवढा मोठा केलात. आमचे खरे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, तेव्हा तुम्ही मीटिंगा लावता."

सगळ्यात हाल झाले ते कोट्टायमच्या आमच्या सहकाऱ्याचे. सेंट थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरले ही त्यांच्याकडची परंपरा, त्यामुळे ऑफिसातला सगळ्यात जुना ख्रिस्ती तोच. पण रंग माझ्यासारखा. त्याला दरवर्षी दिवाळीला बावीस मेल येतात आणि ख्रिसमसला एकही नाही. तो बिचारा सगळ्यांना 'थँक यू' लिहितो. दुसरा इजिप्तचा. त्याला मीच एकदा 'ईद मुबारक' म्हणून बसले होते. तो कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या चर्चचा ख्रिस्ती. पार्टीत तो आणि एक जैन मुलगी एका टेबलावर बसले, कारण त्याचा ख्रिसमसआधीचा ४३ दिवसांचा उपवास चालू होता, दूध, अंडी, मांस वर्ज्य. बिस्किटांत लोणी होतं. सर्वांना सामावून घेणाऱ्या त्या बिस्किटांना त्या टेबलावर कुणी हात लावला नाही.

रात्री आईचा वसईहून फोन आला. तिच्याकडे सकाळ.

"काय केलं गं तुमच्या ऑफिसात नाताळचं?"

"नाताळ नाही गं आई. हिवाळा साजरा केला."

"हिवाळा साजरा करतात? हिवाळ्यात स्वेटर घालतात." मग तिने शेजारच्या मावशींच्या करंज्या आल्याचं सांगितलं, आणि दिवाळीतला चांदणीचा कंदील बाबांनी अजून उतरवला नाही हेही. तो दरवर्षी असाच नाताळपर्यंत लटकतो. नोव्हेंबरात त्याला आळस म्हणतात, डिसेंबरात सर्वधर्मसमभाव. "मावशींना काय म्हणालीस?" मी विचारलं. "काय म्हणणार? साखर कमी पडलीय म्हटलं."

मी हा प्रसंग समितीला सांगायचं ठरवलं होतं, पण त्यात कुणाची तरी भावना दुखावेल असं वाटलं. बहुतेक मावशींची.

जानेवारीत झाड उतरलं, बाहुला माळ्यावर गेला आणि एचआरच्या बाईंनी मला आढावा बैठक लावायला सांगितली. कोण वगळलं गेलं, कुणाला परकं वाटलं, हे सगळ्यांकडून मोकळेपणाने ऐकायचं. मी सगळ्यांची कॅलेंडरं पाहिली, रिकामा दिवस शोधला आणि ७ जानेवारी, सकाळी दहा, असं आमंत्रण पाठवलं. चौदा होकार आले. नकार एकच, इजिप्तवाल्याचा. कारणाच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता: ख्रिसमस.