फायरप्लेसवरच्या चित्राच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम. तुमचा रिव्ह्यू वाचला, रात्री झोप येईना म्हणून उठून परत वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. हौसेने घेतलेलं चित्र पहिल्याच पावसाळ्यात खराब झालं तर कोणाचाही जीव जळणार, त्यात दुमत नाही.

पण तुमचा एक स्टार आता म्हापशात फ्रेमचं दुकान शोधणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात वर दिसतोय, म्हणून मला पण थोडं लिहू द्या. तुम्ही लिहिलंय की आसगावच्या व्हिलातल्या फायरप्लेसवर लावायला आमच्याकडून वॉटरकलर घेतलं, ते छोटं दिसतं, सहा महिन्यांत कागदाला लाटा आल्या, तपकिरी ठिपके पडले, म्हणजे माल हलका, डिलिव्हरी उशिरा, मालक उर्मट, टाइल्स गळ्यात मारायला बघतो, नी बाहेरचं गिऱ्हाईक दिसलं की लुटतो.

उर्मट म्हणा, चालेल. गोव्यात फायरप्लेस म्हटल्यावर मी हसलो होतो. आमच्याकडे जानेवारीत पहाटेसुद्धा पारा २० च्या आसपास असतो, त्यामुळे एसी लावून शेकत बसणार काय, असं तोंडातून गेलं. तुमचे मिस्टर पण हसले होते, त्यामुळे कोणाला लागलं असेल असं वाटलं नाही. डिलिव्हरीला उशीर झाला म्हणाल तर शिगम्याचे (आमच्याकडच्या होळीच्या सणाचे) दिवस होते, कारागीर रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ते तुम्हाला आधीच सांगितलं होतं.

पण "हलका माल" हे मात्र मला झेपलं नाही. बाबांनी सुरू केलेलं दुकान आहे, देवांच्या फोटोंपासून आर्ट कॉलेजच्या पोरांच्या प्रदर्शनापर्यंत सगळं इथून फ्रेम होऊन गेलंय आणि हलका माल हा शब्द आजवर कोणी तोंडावर काढला नाही. म्हणून आता जरा सविस्तर सांगतो, लांबलं तर माफ करा.

तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी रंग विचारला नाही, सोफा कुठला ते विचारलं नाही, पहिला प्रश्न हाच विचारला की फायरप्लेस पेटणार की नुसता शोसाठी आहे? कारण वर काय टांगायचं ते सगळं त्यावर ठरतं. पेटती शेगडी असेल तर वर ओरिजिनल चित्र लावूच नये असं म्युझियमची चित्रं सांभाळणारी माणसं पण सांगतात. तापून-गार होऊन ऑइलच्या रंगाला बारीक तडे जातात, अ‍ॅक्रिलिकचे रंग उष्णतेने मऊ पडतात नी धूळ-काजळी धरून ठेवतात, कागद तर आधी सुकून आखडतो नी मग परत ओल पितो. थंड देशात शेगडीच्या वर आरसा लावायची जुनी रीत आहे ती काय उगाच नाही. आपल्याकडच्या जुन्या भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरांत सालामध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, कसे मोठे आरसे असतात, तसा एक बघा म्हणून मी सुचवलं पण होतं, तुम्ही म्हणालात आरशात समोरचा पंखा फिरताना दिसेल.

मग मी टाइल्सचं बोललो. अझुलेज, आपल्या पणजीत रंगवून भट्टीत भाजून मिळतात त्या. भट्टीतून निघालेल्या वस्तूला तुमच्या शेगडीची धग ती काय, नी पावसाळ्याची ओल पण चालते. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातली निळी टाइलचित्रं १९३५ पासून भिंतीवर आहेत, कधी पणजीला गेलात तर बघून या. तुम्ही म्हणालात टाइल म्हणजे रेस्टॉरंट वाटतं, मी म्हटलं ठीक, घर तुमचं. आता सांगा, ह्यात गळ्यात मारलं कुठे? टाइल रंगवणारे वेगळे, मी त्यांचं काम विकत नाही, मला त्यात कमिशन नाही. उलट तुम्ही टाइल घेतली असती तर माझं फ्रेमचं, काचेचं, माउंटचं (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याचं) सगळं बिल बुडालं असतं.

तुम्हाला ते पायवाटेचं वॉटरकलर आवडलं, चिऱ्याचा गडगा नी मागे माड असलेलं. आवड चांगली आहे तुमची, ते काढणाऱ्या मुलीचं काम खरंच सुंदर आहे. मी परत विचारलं, नक्की पेटणार नाही ना? तुम्ही हसून म्हणालात, छे हो, फक्त लुकसाठी. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पण आहे, "नो फायर, ओन्ली लुक", पुढे हसरा चेहरा. मेसेज अजून आहे, इथे लावत नाही, बरं दिसत नाही ते.

आता रिव्ह्यूसोबत तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. चित्राच्या खाली खाचेत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळी ज्योत आहे, बाजूला जमिनीवर इंधनाचा कॅन आहे, झाकण उघडं आहे (ते आधी बंद करा, धोका आहे), टेबलावर ग्लास आहेत नी मागच्या खिडकीत पावसाचं पाणी ओघळतंय. म्हणजे ऐन पावसात पेटवलंय. पेटवा ना, तुमचं घर, तुमची पार्टी, आम्ही कोण बोलणार. पण मग चित्राचं जे झालं त्याला माल हलका म्हणू नका.

आणि ह्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते, इंटिरियरवाले पण सांगत नाहीत. तुमचा फायरप्लेस बायोइथेनॉलचा आहे, म्हणजे अल्कोहोलच्या पातळ इंधनावर जळणारा. धूर नाही, राख नाही, चिमणी नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की काहीच होत नाही. पण इथेनॉल जळलं की कार्बन डायऑक्साइड नी पाण्याची वाफ होते. एक लिटर जाळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन हॉलमध्ये येतं, चिमणी नसल्यामुळे ते जाणार कुठे, गरम हवेबरोबर भिंतीला धरून सरळ वर चढतं, नी वर पहिलं काय लागतं? चित्र. बाहेर जुलैचा गोवा, चपलांना पण बुरशी येते, त्यात घरात आपणच वाफ सोडायची. कागद पेटवल्यावर एका बाजूने सुकतो, विझवल्यावर परत ओल ओढतो, असं चार संध्याकाळी झालं की लाटा येणारच. तपकिरी ठिपके म्हणजे बुरशीची सुरुवात. सोफ्यामागे टांगलं असतं तर बहुतेक हा दिवस आलाच नसता.

फ्रेमिंग कसं केलं होतं ते पण लोकांना कळू दे. अ‍ॅसिड-फ्री माउंट, कागद चिकटवून न टाकता फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या दिल्यासारख्या पट्ट्या, म्हणजे त्याला फुगायला-आकसायला जागा. काच नी कागदामध्ये अंतर. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) लावलं नाही, ओलीने फुगतं म्हणून. चारी कोपऱ्यांना रबराची बुचं, भिंतीला फ्रेम टेकू नये नी मागून हवा खेळावी म्हणून. फ्रेम शिवणीच्या लाकडाची, फायबरची पट्टी नाही. ह्याचे पैसे लागतात मॅडम. हायवेवर प्रिंट काचेत दाबून देतात त्याच्याशी माझ्या बिलाची तुलना करून लुटतात लिहिलंत, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

अजून एक. आम्ही फ्रेमची खालची कड खाचेपासून चांगली दीड फुटावर ठेवली होती, कारण तुमच्याकडे मधे फळी नाही. फळी असती तर गरम हवा थोडी पुढे वळते, म्हणून मी दगडाची एक फळी काढायला सुचवलं होतं, तुमच्या डिझायनरना लाइन बिघडते असं वाटलं. फोटोत आता चित्र वीतभर खाली आलंय, नी आमच्या खिळ्याच्या जागी पुट्टीचा पांढरा ठिपका दिसतोय. कोणी खाली घेतलं ते मला विचारू नका.

साइझचं थोडक्यात. फायरप्लेसवरच्या चित्राचा साधा हिशोब असा की खालच्या रुंदीच्या दोन तृतीयांश ते पाऊण. तुमची खाच ६० इंच, म्हणजे ४० ते ४५. फ्रेमसकट ४२ बसवलं. ते पण नुसतं गणित करून नाही, आमच्या पोराने वर्तमानपत्रं जोडून तेवढा कागद कापून भिंतीला टेपने लावला होता, तुम्ही सोफ्यावर बसून बघितलंत, उभं राहून बघितलंत, मोठा कागद पण लावून दाखवला तर म्हणालात अंगावर येतं. रिव्ह्यूतला फोटो वरच्या मजल्याच्या जिन्यावरून काढलाय, डबल हाइटचा हॉल आहे तुमचा, तिथून बघितलं तर मंगेशीची दीपमाळ पण समईएवढी दिसेल. सोफ्यावरून एक फोटो काढून टाका, लोकांना ठरवू दे.

हे सगळं लिहून मला भांडायचं नाही. पण आमचा धंदा असा आहे की सीझन सुरू होण्याआधी दोन महिने व्हिलावाले नी इंटिरियरवाले कोटेशन मागतात, त्यावर वर्षाचा हिशोब चालतो. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका इंटिरियरवाल्याने ठरलेलं काम थांबवलं, म्हणाला बघून सांगतो. दुकानात दोन पोरं कामाला आहेत, त्यांना चवथीचं (गणेश चतुर्थीचं) काय द्यायचं ह्या विचारात मी होतो, त्यात हे.

आमच्याकडून बदल म्हणाल तर पेटणार की नाही ते ह्यापुढे बिलावरच लिहून घेऊ, नी शेगडीच्या वर कागदावरचं काम द्यायचंच नाही असा काहीतरी नियम करायचा विचार चालू आहे, बघू कसं जमतं ते. डिलिव्हरीचं पण सुधारू.

तुमच्या चित्राचं अजून काहीतरी होऊ शकतं. ठिपके सुरुवातीचे आहेत, लाटा वजनाखाली हळूहळू बसतात, पूर्ण जातील असा शब्द देत नाही, पण बऱ्याच कमी होतील. काच उघडू नका, हेअर ड्रायर मारू नका, उन्हात तर अजिबात ठेवू नका, वॉटरकलरचे रंग उडतात. तिथून काढून आतल्या कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीवर नको, मधल्या भिंतीवर टांगून ठेवा. पाऊस उघडल्यावर चादरीत गुंडाळून, वरून प्लास्टिक घालून गाडीतून घेऊन या. माउंट बदलायचे पैसे घेणार नाही, नवीन बोर्डाचे तेवढे द्या, तो मला पण विकत आणावा लागतो. आणि त्या जागेवर काय लावायचं ते परत बसून बघू, पेटवणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, मी हसणार नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तो तुमचा हक्क. पण "पेटवणार नाही सांगितलं होतं" एवढी एक ओळ त्यात घातलीत तर बरं होईल. दुकान रविवारी बंद असतं. आणि शुक्रवारी येऊ नका, बाजाराच्या दिवशी म्हापशात गाडी लावायला जागा मिळत नाही, चित्र घेऊन लांबून चालत यावं लागेल.