टायमिंग बेल्ट घरी बदलायचा का? काळ्या कमानीवरचा वाद

"सुट्ट्या लागल्या की डस्टरचा टायमिंग बेल्ट मीच बदलणार हाय. घरी, अंगणात." डस्टर म्हणजे त्याची रेनोची डिझेल गाडी. गजानन एवढंच बोलला आणि पुढचा दीड तास गेला.

परभणीत काळ्या कमानीजवळच्या टपरीवर संध्याकाळी आम्ही जे जमतो, त्यात गाड्यांबद्दल मत नसलेला एकही माणूस नाही. गजानन शाळेत क्लार्क आहे, पण हात चालणारा. बोअरची मोटर, मिक्सर, मोटारसायकलची क्लचप्लेट, सगळं घरीच खोलतो आणि मुख्य म्हणजे पुन्हा जोडतोही. त्यामुळं हसलं कुणी नाही. बालाजीनं फक्त विचारलं, "कामून रे? गॅरेजवाले मेले काय सगळे?"

"मजुरी वाचती की."

हे वाक्य रशीदभाईंसमोर बोलायचं नव्हतं. जिंतूर रोडवरचं आपलं गॅरेज दिवसापुरतं बंद करून ते नुकतेच येऊन टेकले होते. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. त्यांच्याऐवजी बालाजी सुरू झाला. तो टुरिस्ट गाडी चालवतो. आधीच्या गाडीचा हाच टायमिंगचा पट्टा त्याच्या हातात तुटलेला आहे आणि ती कहाणी सांगायची संधी तो सोडत नाही.

"मानवतच्या पुढं. ना आवाज, ना धूर. ऐंशीवर होतो, गाडी एकदम मेली. मी बाजूला घेऊन सेल्फ मारायलो, तर इंजिन कसं भुर्रकन फिरायलंय! म्हणलं डिझेल येईना वाटतं. मारला अजून सेल्फ. हेड खोललं तर आठच्या आठ वॉल वाकडे." वॉल म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, हेडमधल्या, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा.

"सेल्फ भुर्रकन फिरला तिथंच समजायचं होतं," रशीदभाई म्हणाले. "कॉम्प्रेशनच नाही म्हणून हलका फिरतो. बेल्टचा संशय आला की चावीला हात लावायचा नक्को. जेवढं फिरवशील तेवढं आतलं वाकवशील."

ज्ञानोबाकाकांना हे पटेना. रबराचा एक पट्टा तुटला तर लोखंड कसं वाकतं? मग आमच्या सरांनी, ते ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, टपरीच्या फळीवर बोटानं काढून दाखवलं. खाली क्रँक, तो पिस्टन वरखाली करतो. वर कॅम, तो वॉल उघडतो आणि मिटवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला पाहिजे, आणि हा हिशोब सांभाळतो तो हा दातेरी पट्टा. इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांनी चालत असेल तर एकेक वॉल सेकंदाला ३३ वेळा उघडतो, आणि पिस्टन त्याच्या दुप्पट वेळा वर येतो. डिझेल इंजिनात हवा फार दाबायची असते, म्हणून पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा जवळपास उरतच नाही. पट्टा तुटला की कॅम जागेवर थांबतो, काही वॉल उघडे राहतात आणि खालून पिस्टन येतच राहतो.

"म्हंजे औताचा एक बैल बसला अन् दुसरा पळायलाय," काका म्हणाले. पटलं त्यांना. पण लगेच पुढचं आलंच, "आमच्या ट्रॅक्टरला असली भानगड नाय. गिअर हायेत."

खरं आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनात टायमिंगला गिअर असतात, ते मालकापेक्षा जास्त टिकतात. पण ते जड आणि आवाज करणारे. पट्टा हलका, गप्प आणि स्वस्त, त्याला तेलही लागत नाही. १९६२ च्या सुमाराला जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या गाडीत तो आला आणि मग गाड्यांच्या दुनियेत पसरला. मध्येच माधव त्याच्या स्विफ्ट डिझेलला चेन आहे म्हणून मिशीत हसत होता, त्याला रशीदभाईंनी एका वाक्यात गप्प केलं. चेन तेलावर जगते, आणि माधव तेल कधी बदलतो ते सगळ्यांना माहीत आहे.

गजाननचा खरा मुद्दा वेगळाच होता. गाडी सेकंडहँड घेतलेली, मीटरवर साठ हजारसुद्धा नाहीत. "एवढ्यात बदलायची खरं तर गरजच नाय. पण करून टाकतो, हौस हाय."

इथं मात्र रशीदभाईंनी कप खाली ठेवला. "गाडी कधीची?"

"सोळाची."

"मीटरला काय विचारतो मियाँ, सालाला विचार. रबर उभ्या गाडीतबी म्हातारं होतं."

मला वाटतं, आपल्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथंच. डिझेल डस्टर भारतात २०२० साली बंद झाली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीलाही आता वयाचा हिशोब लावायला हवा. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात, जो आधी भरेल तो धरायचा. त्यात आपला मे महिना. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेलेला असताना बॉनेटखाली काय होत असेल, ते गाडी उभी केल्यावर नुसता हात वर धरला तरी कळतं. त्या उष्णतेनं पट्टा कडक होतो, दातांच्या बुडाशी बारीक चिरा पडतात. कधी तर वरून एकदम चांगला दिसतो आणि आतले काचेच्या धाग्याचे दोर थकलेले असतात. त्यामुळं "कव्हर काढून बघितला, मस्त हाय" याला काही अर्थ नाही.

आणि पाणी. रेडिएटर कमी दिसला की बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडं सवयच आहे. त्या क्षारांनी आणि गंजानं वॉटर पंपाचं सील जातं. डस्टरच्या दीड लिटर डिझेलमध्ये वॉटर पंप या पट्ट्यावरच फिरतो. पंप गळला की कूलंट पट्ट्यावर, बेअरिंग जाम झालं की पट्ट्याचे दात साफ. पट्टा नवा होता की जुना, हा प्रश्नच मग उरत नाही.

"कूलंटची बाटली मिळती की," सर म्हणाले.

"मिळती. पण बोअर फुकट हाय," काका म्हणाले, आणि ते चेष्टेत नव्हतं.

मग गजाननची तोंडी परीक्षा सुरू झाली. रशीदभाई विचारणार, हा उत्तर देणार, बालाजी मध्ये खोड काढणार. उजवं पुढचं चाक काढायचं, हे बरोबर. गाडी नुसत्या जॅकवर नाही, खाली घोडी लावायची, हेही बरोबर. बॅटरीचा मायनस काढायचा. मग उजवीकडचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, त्याआधी ऑइल पॅनखाली लाकडाचा जाड ठोकळा ठेवून जॅकनं इंजिन पेलून धरायचं. ठोकळा नसला तर पॅनला पोचा पडतो. हे सगळं गजाननला पाठ होतं. व्हिडिओ बघितलेत म्हणाला.

"क्रँक पुलीचा बोल्ट कसा खोलणार?"

"पिन लावून क्रँक लॉक करायचा अन् मोठ्या टॉमीनं..."

"गेली पिन!" रशीदभाईंनी मांडीवर हात मारला.

हा मुद्दा सगळ्यांनी नीट ऐकला, मीही. या इंजिनात क्रँक जागेवर आणण्यासाठी ब्लॉकमध्ये एक पिन फिरवून बसवतात आणि कॅमसाठी दुसरी पिन असते. क्रँकची पिन फक्त जागा दाखवते, ताकद सोसायला ती नाही. तो बोल्ट ठरलेल्या घट्टपणाच्या वर अजून काही अंश फिरवून आवळलेला असतो, सहज हलत नाही. पिनेच्या भरवशावर टॉमीवर, म्हणजे पान्ह्याच्या लांब दांड्यावर, उभं राहिलं तर पिन वाकते किंवा आत तुटते, आणि मग छोटं काम मोठं होतं. बोल्ट आधी ढिला करायचा. गाडी वरच्या गिअरमध्ये, एक माणूस ब्रेकवर दाबून बसलेला, आणि लांब दांड्याचा गोटी पान्हा. पिना त्यानंतर. तोच बोल्ट परत वापरायचा नाही, एकदा ताणलेला असतो, नवा घ्यायचा. टॉमी गाडीच्या चेसिसला अडकवून सेल्फचा झटका देऊन बोल्ट खोलणारे महाभागही असतात. ते करताना रशीदभाईंच्या ओळखीच्या एकाचं मनगट मोडलंय.

बालाजी खूश झाला. "बघ, पहिल्याच बोल्टात नापास."

पण गजानन चिवट. "रशीदभाई, तुम्ही पिना लावता का?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग रशीदभाई म्हणाले, "या गाडीला लावतो. जुन्या गाड्यांना... व्हाइटनर."

म्हणजे जुना पट्टा काढायच्या आधी पुलीवर आणि ब्लॉकवर व्हाइटनरच्या खुणा करायच्या, नवा पट्टा त्याच खुणांवर बसवायचा. पुष्कळ गॅरेजात हेच चालतं, आणि बहुतेक वेळा गाडी चालतेसुद्धा.

"अन् आधीच्यानं एक दात चुकवून बसवला असंल तर?" गजानन म्हणाला. "ती चूक तुम्ही व्हाइटनरनं पक्की करायलात. म्हंजे गॅरेजात व्हाइटनर अन् मी घरी पिना लावून करणार. मग चुकीचं कोण?"

याला उत्तर नव्हतं. सरांनी तर त्याला टाळी दिली. एक दात चुकला तर इंजिन बंद पडतंच असं नाही. ओढ कमी होते, धूर वाढतो, कधी डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, आणि मालक बिचारा फिल्टर बदलत बसतो. जास्त दात चुकले तर मात्र बालाजीची गोष्ट.

रशीदभाई चिडले नाहीत. त्यांनी एक वेगळीच गोष्ट कबूल केली, आणि माझ्या मते सगळ्या वादात वजनदार तीच होती. गॅरेजात हाताला सफाई असते, वेळ नसतो. या गाडीच्या मागं दुसरी उभी असते, मालक दर तासाला फोन करतो. पट्टा बसवल्यावर पान्ह्यानं, हातानंच, क्रँकला पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि पिना पुन्हा आपसूक जातात का बघायचं. दोनच का, तर कॅमचा एक फेरा तेव्हा पुरा होतो. फिरवताना कुठं कडक अडथळा लागला तर जोर करायचा नाही, तो वॉल पिस्टनला टेकलेला असतो. हे एवढं काम दहा मिनिटांचं आहे, पण घाईत उडतं ते हेच. "पोरं एकच फेरा देतात, चावी मारतात," रशीदभाई म्हणाले. "मी बघत असलो की दोन."

म्हणून माझं मत बालाजीच्या बाजूनं नाही. घरी होणारं काम आहे हे. अंगणात गाडी रात्रभर उघडी राहिली तरी कुणाचं काही जात नाही. पिन जाईना तर झोपावं, सकाळी ताज्या डोळ्यानं बघावं. ही चैन गॅरेजात नाही. पण गजाननचं पहिलं वाक्य चुकलं होतं, मजुरीचं. मजुरी वाचवायला निघालेला माणूस पुढं सगळीकडंच वाचवत जातो.

आणि तसंच निघालं. त्यानं नुसता पट्टा बघून ठेवला होता. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर जुनाच, "फिरवून बघितला तर गुळगुळीत हाय". वॉटर पंप "गळत नाय की". बोल्ट अर्थातच जुना.

"टेन्शनरची बेअरिंग त्या पट्ट्याएवढीच पळालीय," रशीदभाई म्हणाले. "नवा पट्टा जुन्या टेन्शनरवर चढवून कशाला गंमत करतो? किट घे. पट्टा, टेन्शनर, रोलर असला तर तो, वॉटर पंप. कॅम अन् क्रँकचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेबी आत्ताच. तेल लागलं की रबर फुगतं. अन् डब्यावरच्या कंपनीच्या ठशावर जाऊ नक्को, ठसा कुणीबी मारतो. बिल देणाऱ्याकडून घे."

गजाननचा चेहरा पडला. किट, पंप, बोल्ट, दोन्ही पिनांचा सेट, टॉर्क रेंच भाड्यानं, कूलंट. सरांनी कागदावर मांडलं. मजुरी वाचली खरी, पण अवजारातच गेली.

"मग काय फायदा?" बालाजी.

"पुढच्या बारीला पिना हायेतच की," गजानन म्हणाला. "अन् माधवच्या भावाची बी डस्टरच हाय."

म्हणजे हा आता धंदा टाकणार. रशीदभाई पहिल्यांदा मोकळं हसले.

शेवटी तडजोड झाली ती अशी. किट रशीदभाईंनी आणायचं, त्यांच्या दुकानदाराकडून, बिलासकट. बोल्ट ढिला करायला बालाजीनं ब्रेकवर बसायचं. तो "माझा काय संबंध" म्हणाला, पण येणार. बाकी सगळं गजाननचं. रशीदभाईंची एकच अट, कव्हर लावायच्या आधी आणि चावी फिरवायच्या आधी त्यांना बोलवायचं.

"फोटो पाठवतो की व्हाट्सॲपवर, खुणांचा. कशाला तुम्ही उन्हात..."

"फोटो नक्को."

सरांनी कारण सांगितलं. खूण पुलीवर असते, समोरची खूण मागच्या कव्हरवर, दोन्ही एका पातळीत नसतात. मोबाइल जरा तिरका धरला की जुळलेली खूण अर्धा दात सरकलेली दिसते, आणि सरकलेली जुळलेली दिसते. त्या अरुंद जागेत मोबाइल सरळ धरताच येत नाही.

"ते मला नाय माहीत," रशीदभाई उठत म्हणाले. "मी पान्हा लावून स्वतः दोन फेरे देणार. पिना घातल्या की काढणार, परत घालणार. मग चावी तू मार."

"अन् तुमची मजुरी?"

"जेवण. पण भाभीला आदल्या दिवशी सांग, ऐन वेळी नक्को."