‘कवळी नको, फिक्सच बसवा’ : एका फॉरवर्डला उत्तर

ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. कवळी आता कालबाह्य झाली; तिने जबड्याचं हाड झिजतं, काही चावता येत नाही. त्यापेक्षा फिक्स दात बसवा. तीन दिवसांत काम, आयुष्यभर निश्चिंती, वयाची किंवा मधुमेहाची अडचण नाही. खाली हात जोडलेले आणि ‘आईवडिलांना जरूर पाठवा’. मी कृत्रिम दात बसवण्याचंच काम करतो, इम्प्लांटही (हाडात बसवायचा, वर दात लावायचा टायटॅनियमचा स्क्रू) लावतो, म्हणजे हा मेसेज खरं तर माझ्या धंद्याला पोषकच. पण तो मोबाइलवर दाखवून ‘डॉक्टर, हेच करा’ म्हणणारे आता रोज येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली गफलत अशी की मेसेजमध्ये ब्रिज आणि इम्प्लांट यांची खिचडी केली आहे. ब्रिज म्हणजे एकमेकांना जोडलेल्या दातांचा पूल; तो शेजारच्या दातांवर उभा राहतो, त्यासाठी ते दात चारही बाजूंनी घासावे लागतात आणि घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. इम्प्लांट हाडात बसतो, शेजाऱ्यांना हात लावत नाही. दोन्ही ‘फिक्स’, पण हिशेब वेगळे.

आता हाडाचं. ‘कवळीने हाड झिजतं’ हे अर्धसत्य आहे. झीज सुरू होते ती दात काढल्यामुळे. मूळ गेलं की त्याला धरून असलेल्या हाडाला काम उरत नाही आणि पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढे ही झीज मंदावते, थांबत नाही. दंतसंशोधक अँटये टॉलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा 25 वर्षांचा मागोवा घेऊन 1972 मध्ये दाखवलं की खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते. सैल कवळी वर्षानुवर्षं तशीच वापरली तर ती या झिजेत भर घालते, हे मान्य. पण ब्रिजचं काय? त्याच्या मधल्या दाताखालीही मूळ नसतंच, तिथलं हाडही खचतं आणि काही वर्षांनी हिरडी व दात यांच्यात फट दिसू लागते. हाड टिकवण्याचं श्रेय इम्प्लांटला जरूर द्यावं, पण तेवढ्यासाठी तोच एक मार्ग नाही. एखाददुसऱ्या सुळ्याचं मूळ चांगलं असेल तर रूट कॅनल करून, हिरडीपर्यंत कापून ते जागेवर ठेवता येतं आणि त्यावर कवळी बसते. मूळ राहिलं की तिथलं हाडही टिकतं. खर्च फार नाही. ‘सगळं काढून फिक्स करा’ म्हणणाऱ्या मेसेजने नेमकी हीच मुळं उपटायला लावली आहेत.

‘तीन दिवसांत दात.’ स्वीडनमध्ये गोथेनबर्गला संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड आणि टायटॅनियम एकजीव व्हायला त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात सहा महिने वाट पाहिली जायची. आज काही रुग्णांत लगेच दात लावता येतात. इम्प्लांट घट्ट बसायला हवा, हाड चांगलं हवं, रात्री दात खाण्याची सवय नको. बहुतेकदा आधी ॲक्रिलिकचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) तात्पुरते दात लावतात, पक्के नंतर. ‘तीन दिवसांत’वाल्या पॅकेजच्या जाहिरातीत हे ‘नंतर’ नसतं. दात काढले त्याच आठवड्यात पक्के दात चिकटवले की पुढच्या काही महिन्यांत हिरडी आकसते, दाताखाली पोकळी होते आणि तिथे भाताची शितं, मेथीच्या काड्या अडकत राहतात. असे रुग्ण माझ्याकडे दुरुस्तीला येतात. वाचू शकले असते असे दातही पॅकेजमध्ये बसावं म्हणून काढलेले असतात.

‘आयुष्यभर निश्चिंत’ यातला पहिला शब्द एकवेळ चालेल, दुसरा नाही. व्यवस्थित केलेल्या शंभर इम्प्लांटांपैकी नव्वदहून अधिक दहा वर्षांनी जागेवर असतात, हा उत्तम निकाल आहे. पण स्क्रू सैल होतो, सिरॅमिकचा टवका उडतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, मात्र त्याच्या भोवतीची हिरडी सुजून हाड गळू शकतं आणि सुरुवातीला ते दुखत नसल्याने कळतं उशिरा. ब्रिजच्या टोकाचा दात आतून किडला तर अख्खा ब्रिज जातो. म्हणून दातांखाली जाणारा छोटा ब्रश रोज आणि तपासणी वर्षातून एकदा तरी, याला पर्याय नाही. इम्प्लांट लावून घेतलाच तर त्याची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड मागून घ्या. उद्या दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला तर त्याच कंपनीचा पाना लागतो.

वयाची अडचण नाही, हे साठीच्या पुढच्यांपुरतं खरं. वाढत्या वयाच्या मुलात मात्र इम्प्लांट लावत नाहीत: जबडा वाढतो, तो तिथेच राहतो. पडून पुढचा दात गमावलेल्या शाळकरी मुलाला तोवर काढता-घालता येणारा दातच बरा. मधुमेह काबूत असेल तर आडवा येत नाही, नसेल तर येतो. तंबाखू आणि मिश्रीबद्दल मेसेज गप्प आहे. आपल्याकडे तो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील, जबड्याला कधी रेडिएशन दिलं असेल, तर दात काढण्याआधीच सांगा.

‘कवळीने खाता येत नाही.’ पूर्ण कवळीचा चावा नैसर्गिक दातांच्या पाव किंवा त्याहून कमी असतो, हे खरंच आहे. वरची टाळूला चिकटून राहते. रडवते ती खालची, कारण जीभ तिला सतत उचलत असते. यावर इलाज आहे आणि तो मेसेजच्या दोन्ही कप्प्यांत बसत नाही. पुढे दोन इम्प्लांट लावायचे आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी, रोज काढता येणारी कवळी. खालच्या दंतहीन जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा, असं 2002 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं. सहा-आठ इम्प्लांटांपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि भाकरी चावता येते. ऊस मात्र विसरा.

‘फिक्सच हवं’ या हट्टाचा सर्वांत वाईट परिणाम बाजाराच्या कडेला दिसतो. बिनपदवीचा माणूस लगेच घट्ट होणारं ॲक्रिलिक ओल्या हिरडीवर थापतो, शेजारच्या दातांना तारेने बांधतो आणि हजार-दोन हजारांत ‘फिक्स दात’ देतो. ते निघत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली साफ होत नाही. काही महिन्यांनी मी तार कापून काढतो तेव्हा खाली सुजून लाल झालेली हिरडी, असह्य वास आणि हलायला लागलेले दोन चांगले दात मिळतात. पैशाचीच अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे अगदी कमी पैशात रीतसर कवळी होते.

राहिला ‘आईवडिलांना पाठवा’चा भाग. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते. जपानमध्ये पंच्याऐंशीच्या पुढच्यांवर झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालूनच झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. आता उद्या अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या वडिलांचा विचार करा. कवळी असेल तर सून किंवा सांभाळणारी बाई ती काढून बेसिनपाशी मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुऊ शकते. बारा दातांचा फिक्स ब्रिज असेल तर तोंड घट्ट मिटून घेणाऱ्या माणसाच्या गालात बोट घालून ब्रश फिरवावा लागतो. वडील आज पासष्टीचे, ठणठणीत आणि स्वतःचे दात स्वतः घासणारे असतील तर इम्प्लांट खुशाल लावा. पण पुढे गरज पडली तर तेच इम्प्लांट ठेवून त्यांच्यावरचे दात काढत्या कवळीत बदलता येतील अशी जागा आणि संख्या डॉक्टरांकडून आत्ताच ठरवून घ्या.