रिडेव्हलपमेंटच्या करारात जमिनीसाठीही एक कलम हवं

पुण्यातलं कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी. सध्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा, विषय एकच. वाढीव कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती टक्के, कॉर्पस (डेव्हलपरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं किती महिने, पार्किंग एक की दोन. आमचीही सोसायटी त्याच वाटेवर आहे. 1980च्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, टेरेस दर पावसाळ्यात गळतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. त्यामुळे रिडेव्हलपमेंट नको असं मी म्हणणार नाही. ते व्हायलाच हवं. पण ज्या जमिनीच्या जोरावर आपण डेव्हलपरशी घासाघीस करतोय, तिच्या पदरात काय पडणार हे मात्र एकाही सभेत कुणी विचारत नाही.

आर्किटेक्चरमध्ये रीजनरेटिव्ह डिझाइन नावाचा एक विचार आहे. कॅलिफोर्नियातले लँडस्केप आर्किटेक्ट जॉन टिलमन लाइल यांनी तो 1990च्या दशकात नीट मांडला आणि पोमोनाच्या विद्यापीठात विद्यार्थी राहून शिकतील असं केंद्रही उभं केलं. ‘ग्रीन बिल्डिंग’च्या जाहिरातीत आपण वाचतो ते वीज कमी, पाणी कमी, कचरा कमी. थोडक्यात, नुकसान कमी. हा विचार त्याच्या पुढे जातो. बांधकाम झाल्यावर त्या जागेची माती, पाणी, झाडं आधीपेक्षा चांगल्या अवस्थेत असली पाहिजेत, एवढी साधी आणि एवढी कठीण अट तो घालतो.

ही अट पुण्यात कुठे मोडते ते मी आमच्या शेजारच्या प्लॉटवर पाहिलं. दोन बेसमेंटसाठी खोदाई झाली तेव्हा खड्ड्याची भिंत सरळ कापलेली दिसत होती. वर हातभर काळी माती, त्याखाली पिवळसर, भुगा होणारा मुरूम आणि खाली काळा कातळ. मुरूम संपून कातळ सुरू होतो त्या रेषेतून ऐन मार्चमध्ये पाणी झिरपत होतं. स्वच्छ, गार पाणी. ते उपसायला पंप लावला होता आणि त्याचा पाइप रस्त्याकडेच्या गटारात सोडला होता. रात्रंदिवस. त्याच आठवड्यात आमच्या गेटवर टँकर येत होते.

पुण्याखालचा हा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, पाणी धरतो तो या वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांमध्ये. अखंड पाषाणात पाणी फारसं शिरतच नाही. म्हणजे मुरमाचा थर हाच आपला स्पंज. या कंपाउंडपासून त्या कंपाउंडपर्यंत बेसमेंट खणलं की तो कायमचा ट्रकमध्ये भरून जातो. मग कोपऱ्यात रेनवॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा केला तरी पाणी मुरणार कशात?

आणि पाणी काही थोडं नाही. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या गच्चीसारखी 600 चौरस मीटरची गच्ची धरली तर 4,20,000 लिटर. वाया जाणारं वीस टक्के सोडा, तरी 10,000 लिटरचे तेहतीस टँकर भरतात. फक्त गच्चीवरचे! मोठ्या प्लॉटवर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. गांडूळ खत, सोलर आणि रेनवॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक गोष्ट केली तर महापालिका मिळकतकरात पाच टक्के आणि दोन केल्या तर दहा टक्के सवलत देते. सवलत घेतली जाते, फिल्टरमधला गाळ मात्र वर्षानुवर्षं कुणी काढत नाही.

झाडांचंही तेच. 2021च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या कायद्यात पन्नास वर्षांपुढचं झाड हेरिटेज मानलं जातं आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. आमच्या अंगणातला आंबा त्या वयाच्या जवळ आलाय. पण प्लॉटभर पोडियम, म्हणजे पार्किंगवरची सलग स्लॅब, असेल तर त्याच्या बदल्यातली रोपं इथे लागणार नाहीत. स्लॅबवरच्या दोन फूट मातीत शोभेचे पाम येतात, आंबा येत नाही. रोपं दुसरीकडे कुठेतरी जातील. सावली, पक्षी, पावसाचं पाणी खाली नेणारी मुळं, या जागेपुरतं ते संपलं.

25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आठवतो ना? माणसं गेली, भिंती कोसळल्या, गाड्या एकावर एक चढल्या. ओढ्याच्या पात्रात झालेली बांधकामं हे त्याचं मोठं कारण. पण ओढ्यात एकदम धावणारं पाणी येतं कुठून? वरच्या बाजूच्या हजारो फरसबंद प्लॉटांवरूनच. पेशवाईत याच शहराने कात्रजचं पाणी केवळ उताराच्या जोरावर पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं होतं. आपण निदान आपल्या प्लॉटचा उतार कुठे जातो एवढं तरी नकाशावर पाहूया.

आमच्या कमिटीपुढे मी काही मागण्या ठेवल्या आहेत. बेसमेंट पूर्ण प्लॉटवर नको, इमारतीच्या खालीच हवं. आंब्याच्या बाजूची पट्टी खालपर्यंत अस्सल मातीची राहावी. खोदाईआधी भूजलाच्या जाणकाराकडून जागेची तपासणी व्हावी. खोदाईतून उपसलेलं पाणी गटारात न जाता टाकीत साठवून बांधकामाला वापरावं. जुन्या इमारतीचे सागवानी दरवाजे आणि चौकटी उतरवून पुन्हा वापराव्यात.

पार्किंग कमी पडेल, हा आक्षेप लगेच आला. खरंय, काही गाड्यांची जागा जाईल. मेकॅनिकल पार्किंगने ती बरीचशी भरून निघेल, पण त्याचा मेंटेनन्स वाढेल. मला हा सौदा मान्य आहे आणि मी तो सभासदांसमोर उघडपणे मांडतोय. काही जण नाराज आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र सभेत हात वर केला आणि लिफ्ट आणि आंबा दोन्ही पाहिजेत म्हणून सांगितलं.

डेव्हलपर या गोष्टी ब्रोशरमध्ये आनंदाने छापेल. नुसतं छापून भागणार नाही. नोंदणीकृत करारात, नकाशासह, न पाळल्यास दंडासह हे यायला हवं. आमचा मसुदा वकिलांकडे जायचा आहे. कुणाच्या सोसायटीच्या करारात उघडी जमीन किंवा भूजल यांबद्दल कलम असेल, तर त्याची भाषा कृपया मला पाठवा. पुढच्या सभेआधी मिळाली तर फार उपयोग होईल.