मोजू नका, बदला

जुनी गाडी घेतलीत, अभिनंदन! 'डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल ओनर, घर ते क्लिनिक एवढीच चाललीय' असं एजंटने सांगितलं असेलच. विकायला आलेल्या गाड्यांवरून हिशोब मांडला तर आपल्याकडचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी गाडी बदलत असावेत. तुम्ही बघायला गेलात तेव्हा ती अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली. बॉनेटवर हात ठेवला असतात तर गरम लागलं असतं. तुम्ही पोचायच्या आधीच कोणीतरी तिला एक फेरी मारून आणलं होतं. पण सभ्य माणसं अशी पहिल्याच भेटीत बॉनेटला हात लावत नाहीत. तुम्ही दार उघडून बंद केलंत, 'ठप्प' असा भारदस्त आवाज ऐकलात, टायरवर बुटाने हलकेच लाथ मारलीत आणि टोकन देऊन मोकळे झालात. मीही तेच केलं होतं.

आता सोमवारी सकाळी ती चालू होत नाही. मंगळवारी होते. बुधवारी ऑफिसला जाताना होते, येताना होत नाही. घाबरू नका. माझा या विषयातला अनुभव साधारण एका चांगल्या सेकंडहँड स्कूटरच्या किमतीइतका आहे, तो तुमच्या चरणी ठेवतो.

पहिली गोष्ट, आवाज ऐकू नका. चावी फिरवल्यावर मशीनगनसारखं कटकटकट वाजत असेल तर सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे चुंबकाचा स्विच, ओढला जातोय, तेवढ्यात व्होल्टेज पडतंय, तो सुटतोय, पुन्हा ओढला जातोय. म्हणजे बॅटरी तरी दमलीय किंवा तिचा करंट वाटेत कुठेतरी अडतोय. एकच 'टक्' होऊन शांतता पसरली, तर सेल्फपाशी किंवा त्याच्या वायरपाशी घोटाळा. इंजिन मस्त गरागरा फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा काही दोष नाही, पेट्रोल किंवा स्पार्क बघायला हवा. हे तीन आवाज वेगळे ओळखता आले तर गॅरेजवाल्याला नेमकं सांगावं लागेल, आणि मग त्याला नेमकं काम करावं लागेल. उगाच दोघांची पंचाईत. म्हणून 'स्टार्टिंगचा प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगा आणि चावी त्याच्या हातात द्या.

अर्थात गॅरेजच्या दारात ती पहिल्या झटक्यात चालू होईल. दवाखान्याची पायरी चढल्यावर मुलाचा ताप उतरतो, तसंच. गॅरेजवाला तुमच्याकडे बघेल, तुम्ही गाडीकडे बघाल.

दुसरी गोष्ट, सेल्फ सोडू नका. जाणकार सांगतात की दहा सेकंदांच्या वर चावी धरू नये, मग थोडं थांबावं, कारण सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर खेचते आणि तापते. जाणकारांना ऑफिसला जायचं नसतं. तुम्ही चाळीस सेकंद धरा. म्हणजे सुरुवातीला ज्या एका गोष्टीत बिघाड होता, तिच्या जोडीला रिकामी बॅटरी आणि तापलेला सेल्फही येतो, आणि निदान करणाऱ्याला निवडीला वाव मिळतो.

एव्हाना पार्किंगमध्ये काका आलेले असतील. प्रत्येक सोसायटीत असतात. "कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झालाय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब आणि मार सेल्फ!" तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. शिवाय गंमत अशी की, इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि भिजलेले प्लग सुकतात. म्हणजे काका चुकीच्या कारणासाठी बरोबर असतात. हे त्यांना कधीही कळू देऊ नका.

काकांनंतर वॉचमन. "साहेब, धक्का मारू का?" मारू द्या. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की झटकन सोडायचा. यात बॅटरी अगदीच मेलेली असून चालत नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर तिच्यावरच जगतात. ऑटोमॅटिक असेल तर धक्क्याने फक्त वॉचमनचा व्यायाम होतो. मी स्वतः दोन महिने कोथरूडमध्ये उतार शोधून गाडी लावत असे. 'गाडी एवढ्या लांब का लावता?' या बायकोच्या प्रश्नाला 'तेवढंच चालणं होतं' हे उत्तर मी तोंडपाठ केलं होतं.

सीएनजी असेल तर पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवा. सीएनजीच्या गाड्याही बहुतेक पेट्रोलवरच चालू होतात आणि इंजिन जरा तापलं की गॅसवर जातात. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी ठेवली की तो भाजतो. गॅसच्या रांगेत तास-तास उभं राहून वाचवलेले पैसे असे एकरकमी कामी येतात. चावी अर्धी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक 'हूं' ऐकू येतं, तो हाच पंप. ऐकू येईनासा झाला तर गाण्याचा आवाज वाढवा.

उंदरांसाठी इंजिनात तंबाखूची पुडी टांगा. आमच्याकडे पुडी शाबूत आहे, इंजेक्टरची वायर नाही.

आणि गाडी थंड असताना चालू होत असेल, पण पंपावर पेट्रोल भरून निघताना गरम इंजिन पकडत नसेल आणि वीस मिनिटांनी आपोआप पकडत असेल, तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घेता येतो. स्कॅनर लावला तर पी०३३५ असा बिघाडाचा कोडही दिसू शकतो. ते टाळायचं असेल तर तपासणीआधी बॅटरीचं टोक काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्याने कोड पुसले जातात. आमच्या गॅरेजवाल्याची सुरुवातच तिथून होते.

आता मूळ मंत्र. मोजू नका, बदला. आधी बॅटरी बदला. मी बदलली. बॅटरीवाल्याने टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्याने धुतली, पॉलिश पेपरने घासली, केबल इकडून तिकडे वाकवली, नवी बॅटरी बसवली. गाडी आठ दिवस देवासारखी चालली. नवव्या दिवशी 'टक्'. मग सेल्फ काढला. कार्बन नवे, बुश नवे. सेल्फ काढताना-बसवताना तिथल्या वायरी हलल्याच. बारा दिवस सुख. मग अल्टरनेटर, कारण 'चार्जिंग कमी असणार साहेब'. असणार म्हणजे असणारच, त्यात व्होल्ट मोजायचा मीटर कशाला लावायचा? अल्टरनेटरने पंधरा दिवस दिले. मग नाना पेठेतून प्लग आणले. गाडीचा प्रत्येक नवा पार्ट तिला बरं करत होता, फक्त कोणालाच ती पूर्ण बरी करता येत नव्हती.

आजार होता अर्थिंगच्या पट्टीचा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंट परत यायला बॉडी आणि इंजिन यांच्यात एक जाड विणलेली पट्टी लागते. तिच्या बोल्टखाली गंज चढला होता. किती? एक शतांश ओहम धरा. डोळ्यांना दिसत नाही. पण सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो तेव्हा तेवढ्यावरच दीड व्होल्ट गळतात. पावसाळ्यात जास्त, उन्हात कमी, आणि कोणी पाना घेऊन आसपास खुडबुड केली की काही दिवस बिलकुल नाही. श्रेय मात्र त्या दिवशी जो पार्ट बदलला त्याला.

मीटर पाचशेच्या आत मिळतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावला आणि १२.६ व्होल्ट दाखवले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर ती थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही. आणि सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला लावून अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर अर्थिंग गेलं. चौघा माणसांची रोजी पाच मिनिटांत बुडते. इतकं निष्ठुर व्हायचं?

माझी पट्टी एकशे ऐंशी रुपयांची होती. ती शेवटी बदलली गेली की नाही, हा वेगळा विषय आहे, कारण त्याआधीच मी गाडी विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं, 'नवी बॅटरी, नवा सेल्फ, नवा अल्टरनेटर, नवे प्लग. खर्च शून्य. घेऊन फक्त चालवा.' यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी डॉक्टर नाही, पण माझे एक मेहुणे होमिओपॅथ आहेत.

पहिले गिऱ्हाईक रविवारी साडेदहाला येणार होते. सव्वादहाला मी तिला कर्वे रस्त्यावरून एक फेरी मारून आणली. बाप आणि कॉलेजातला मुलगा होता. बापाने दार उघडून बंद केलं, मान डोलावली, टायरला लाथ मारली. माणूस चांगला होता. मुलगा मात्र सरळ पुढे गेला, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "काका, ही थंड होईपर्यंत आम्ही चहा पिऊन येतो." जाता जाता सॅकमधून त्याने एक पिवळा मीटर काढून बापाच्या हातात दिला. अशा मुलांना गाडी विकू नका. ते परत यायच्या आत फोन बंद करा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साडेअकराची वेळ द्या.