जुन्या फियाटला ‘थर्ड पार्टी पुरे’ म्हणणाऱ्यांना

पद्मिनी, अँबेसेडर, जुनी जीप सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. यंदा तो मला चार जणांनी पाठवला आणि त्यातल्या दोघांनी तो वाचून आपली पॉलिसीसुद्धा बदलली, म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, पुरे. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला फुल इन्शुरन्स, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसकटचा विमा, मिळत नाही. मिळाला तरी घसाऱ्यात, म्हणजे गाडी जुनी म्हणून होणाऱ्या कपातीत, सगळं जातं. घेतलाच तर आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कमीत कमी ठेवा, हप्ता वाचतो. गाडी पन्नास वर्षांची झाली की व्हिंटेज नोंदणी करा, विमा निम्म्यात. आणि कंपन्या सगळ्या सारख्याच, स्वस्त दिसेल ती घ्या.

‘मिळत नाही’ हे का वाटतं ते मला कळतं. माझी पद्मिनी 1978 ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, वडिलांनी घेतलेली. विम्याच्या वेबसाइटवर गाडीचं साल टाकायला गेलो तर यादीत ते सालच नव्हतं. दुसऱ्या साइटवर होतं, पण पुढे फक्त थर्ड पार्टीचा पर्याय. ही त्या सिस्टीमची मर्यादा झाली, नियम नव्हे. देशभर ज्याच्या आधारे पॉलिसी लिहिल्या जातात त्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत, स्पष्ट आहे की पाच वर्षांपुढच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलांची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात बोलून ठरवायची. म्हणजे आपल्यासारख्या गाड्यांचा विचार नियमात आधीच केलेला आहे. फक्त त्यासाठी शाखेत जावं लागतं, गाडी दाखवावी लागते. मला दोन शाखांनी वाटेला लावलं. तिसऱ्या शाखेचा माणूस स्वतः पार्किंगमध्ये आला, चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिलने ठसा घेतला, बॉनेट उघडून फोटो काढले आणि आठवड्यात पॉलिसी हातात आली.

आता घसारा. हा मुद्दा लोकांना सर्वांत जास्त पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या पत्र्याच्या भागावर 50 टक्के घसारा लागतो. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवरही 50. इथवर मेसेज बरोबर. पण काचेवर घसारा नाही, आणि मजुरीवर तर अजिबात नाही. आणि जुन्या गाडीचं बिल बनतं कशाचं? मजुरीचं!

माझंच बिल सांगतो. टेंपोने डावं पुढचं मडगार्ड चेपलं. दुसरं मडगार्ड मिळालं 9,000 रुपयांना, दाराचं रबर बीडिंग 800, डेंटिंगची मजुरी 6,000, पेंटिंग 12,000. एकूण 27,800. मडगार्डचे निम्मे म्हणजे 4,500 गेले, बीडिंगचे 400. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला फक्त 25 टक्के भाग माल धरतात आणि त्याच्या निम्मा घसारा लावतात, म्हणजे 1,500. वर 1500 सीसीच्या आतल्या गाडीची सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला मालकाने सोसायची रक्कम, 1,000. हातात आले 20,400. आमचे मिस्त्री दोन दिवस आतून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हातोडी मारत होते, दर चार ठोक्यांनी तळहात फिरवून पत्रा बघत होते. त्या दोन दिवसांचा पैसा न् पैसा कंपनीने दिला. ‘सगळं जातं’ म्हणणाऱ्यांनी असं एक बिल तरी मांडून बघावं.

आयडीव्ही कमी ठेवण्याचा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा नाही, घातक आहे. तळमळीने सांगायचं ते इथेच. पॉलिसीत एक वाक्य असतं: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांपुढे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण गेलेली, धरायची. हप्ता वाचवायला कोणी आयडीव्ही 25,000 ठेवली तर त्याचे 75 टक्के होतात 18,750. माझं ते साधं मडगार्डाचं बिल, घसारा-वजावट काढूनही 20,400 चं. म्हणजे सिग्नलवर एका टेंपोने घासली आणि कागदोपत्री गाडी संपली! जी गाडी मिस्त्री आठवड्यात उभी करून देतील, ती भंगाराच्या भावाने मोजली जाणार. आणि हे वाचवायचे किती? जुन्या टॅरिफप्रमाणे पुण्या-मुंबईत 1000 ते 1500 सीसीच्या दहा वर्षांपुढच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता; आता कंपन्या त्यावर सूट देतात. एक लाखाची आयडीव्ही वाढवली तर वर्षाला साडेतीन हजारांच्या आतबाहेर. त्यापेक्षा जास्त आपण क्रोम करून घ्यायला घालवतो.

उलट, एकदा कबूल झालेली आयडीव्ही त्या वर्षापुरती गाडीची बाजारभावाची किंमत धरली जाते आणि टोटल लॉस किंवा चोरी झाली तर तिच्यावर आणखी घसारा लावत नाहीत, हेही त्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं. म्हणून परवानाधारक व्हॅल्युअरचा (गाडीची किंमत ठरवणाऱ्याचा) रिपोर्ट, रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो घेऊन शाखेत बसा, आणि आकडा पॉलिसीच्या पानावर छापून घ्या. तोंडी नको.

काही जण म्हणतात, गाडी शेडमध्येच असते, तिला काय होणार. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या वाहून गेल्या. थर्ड पार्टी पॉलिसीवर त्यांना एक रुपया मिळणं शक्य नव्हतं. (पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून चालू करू नका. त्यामुळे इंजिन गेलं तर कंपनी ते पुराचं नुकसान मानत नाही.)

व्हिंटेजचं काय? 2021 च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. सवलत आहे ती थर्ड पार्टीच्या हप्त्यात, 50 टक्के. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता यात निम्मा होत नाही. 2022 च्या दराने पद्मिनीच्या 1089 सीसीला थर्ड पार्टी 3,416 रुपये, म्हणजे वर्षाला वाचले 1,708 आणि दहा वर्षांत 17,080. फी भरली 20,000. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी आईला घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी गेलात आणि धडक झाली, तर नुकसानभरपाई नाकारायला कंपनीला कारण मिळालंच. ज्यांना नोंदणीचा मान हवा त्यांनी जरूर करावी, विमा वाचवायला करू नये. आणखी एक घोळ: टॅरिफमधली ‘व्हिंटेज’ वेगळी. तिथे 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने दाखला दिलेली गाडीच धरतात. ठरलेली किंमत जशीच्या तशी देणारी खास पॉलिसी त्याच गाड्यांना. पद्मिनीवाल्याला एजंट तसलं काही विकत असेल तर कागद मागा.

राहिला ‘सगळ्या सारख्याच’. पॉलिसीची भाषा बरीचशी सारखी असते हे खरं. वागणं सारखं नसतं. नव्या गाडीवाला कॅशलेस गॅरेजांची संख्या बघतो. आपल्याला त्या संख्येचा उपयोग शून्य, कारण पद्मिनीचं अधिकृत वर्कशॉपच उरलेलं नाही. शाखेत मी हे विचारतो: माझ्याच मिस्त्रींकडे काम केलं तर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) तिथे येईल का? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा नाना पेठेतून आणलेला वापरलेला पार्ट, बिल असेल तर, मान्य कराल का? पार्ट मिळायला दोन महिने लागले तर क्लेम उघडा ठेवाल का? गाडीत सीएनजी किट किंवा दुसरं इंजिन असेल आणि आरसी बुकवर चढवलेलं असेल, तर पॉलिसीवर नोंद कराल का? यांची उत्तरं ईमेलवर घ्यायची. जी शाखा लेखी देते तिच्याकडे दोन हजार जास्त गेले तरी मी जातो.

जुनी गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाच्या पॉलिसीवर विसंबू नका. थर्ड पार्टी तुमच्याकडे आपोआप येते. स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही, त्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हीही त्याच्याबरोबर जाते. आणि तुमचा स्वतःचा बोनस पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं तरच टिकतो. ज्या दोघांनी पॉलिसी बदलली, त्यातल्या एकाचे या नव्वदातले अजून 40 दिवस बाकी आहेत. त्याला मी कालच फोन केलाय. शनिवारी आम्ही दोघं त्याची गाडी घेऊन शाखेत जातोय.