साहेबाचे ओटे, माझ्या चिंध्या आणि ‘किल्लेदार’

‘किल्लेदार’ साहेब,

नमस्कार. काल रात्री दुकानाचं शटर ओढून घरी आलो आणि तुमची प्रतिक्रिया वाचली. जेवण गेलं नाही असं म्हणणार नाही, जेवलो. पण भरताला चव लागली नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. विकिपीडियावर लिहिता लिहिता मला सापडलेल्या, मला आवडलेल्या गोष्टींवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर (दुर्बिणी लावायच्या चौथऱ्यांवर) हेलियम वायूचा शोध लावला असं सांगतात. तो शोध तिथे लागलेला नाही, हेही त्यात होतं. त्यावर किल्लेदार लिहितात: “एक ना धड भाराभर चिंध्या. कुर्डुवाडीत गोळ्या विकणाऱ्याने कोकणच्या किल्ल्याचं मोठेपण काढून घ्यायची उठाठेव करू नये.” पुढे तीन मुद्दे आहेत. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकणावरूनही गेला होता. विकिपीडियावरचा मजकूर बदलताना मी आधी चर्चापानावर कुणाला विचारलं नाही. आणि मछलीपट्टण, मी लिहिलं तसं, गुंटूर जिल्ह्यात नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. मछलीपट्टण कृष्णा जिल्ह्यात आहे. चूक माझी, लेखात दुरुस्त केली, आभार. पाहिलंत? चूक कबूल करताना माझी जीभ अडखळत नाही.

आता ‘गोळ्या विकणारा’. मी डी.फार्म. आहे. एकवीस वर्षं दुकान चालवतो, गोळ्या विकतो आणि त्याची लाज वाटावी असं आजवर काही केलेलं नाही. तुम्ही मुद्दा मांडला असतात तर मी मुद्द्याला उत्तर दिलं असतं. तुम्ही माझा गल्ला मांडलात. तर ऐका. ज्या नॉर्मन लॉकयरसाठी तुम्ही भांडताय, तो १८६८ साली दिवसा लंडनच्या वॉर ऑफिसात कारकून होता आणि सूर्याचा अभ्यास फावल्या वेळात करायचा. त्याला कुणी म्हटलं असतं की फायली हलवणाऱ्याने सूर्याकडे बघू नये, तर आज तुमच्या किल्ल्यावर सांगायला काय उरलं असतं?

आणि त्या चिंध्या. हे वाक्य तुम्ही सहज टाकलंत, पण मला ते सोडवत नाही. (आता मी गोधडीचा दाखला देईन असं वाटलं असेल. नाही देणार.)

माझं पहिलं संपादन हाफकिनवर होतं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने दुसरं कुठून सुरुवात करायची? वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मराठी लेखात एवढंच दोन ओळींत होतं. मुलकोवालचा पत्ता नव्हता. १९०२ साली पंजाबातल्या या गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, ठपका हाफकिनवर आला आणि तो धुऊन निघायला १९०७ उजाडलं. ते लिहिताना मी तीन रात्री जागलो. बाटलीचं बूच उघडताना झालेली एक चूक आणि त्यापायी एका माणसाची अख्खी कारकीर्द! काउंटरवर बसणाऱ्याला हे जितकं लागतं तितकं दुसऱ्या कुणाला लागेल असं मला वाटत नाही.

हाफकिनवरून प्लेगवर गेलो. प्लेगच्या त्या वर्षांत पुण्यात कोण काय करत होतं ते बघता बघता कावसजी दादाभाई नायगमवाला भेटले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभी केली. तिच्यातली २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सगळ्यांत मोठी होती. पुण्यात, किल्लेदार साहेब! १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. पुणेकरांनी तिची आठवण किती जपली हे मी लिहीत नाही, उगाच दुसरं भांडण नको.

आता पुढची चिंधी बघा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला हे नायगमवाला कुठे गेले? जेऊरला. करमाळा तालुक्यातलं जेऊर, आमच्या कुर्डुवाडीहून पुण्याला जाताना गाडीला लागतं ते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते. त्या स्टेशनावर लहानपणी मामाची वाट बघत मी किती दुपारी काढल्या असतील. या रानात कॅलिफोर्नियाहून दुर्बीण आली होती हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

त्याच ग्रहणाला आणखी कोण कुठे होतं ते बघू लागलो. अमरावतीकडे तळणीला ब्रिटिश हौशी खगोलप्रेमींची तुकडी. आणि विजयदुर्गावर, होय, तुमच्याच विजयदुर्गावर, सर नॉर्मन लॉकयर. मदतीला ‘मेल्पोमीन’ युद्धनौकेवरचे खलाशी. साल १८९८. तिथे मी थबकलो, कारण तोवर मीही तुमच्यासारखंच १८६८ धरून चाललो होतो. आमच्या घरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर तसंच छापलेलं होतं.

म्हणजे हाफकिन, प्लेग, पुण्याची दुर्बीण, जेऊर, ओटे. नुसतं ‘हेलियम’ शोधत बसलो असतो तर मला हे कधीच दिसलं नसतं, कारण हेलियमवर लिहिणारे सगळे एकमेकांचंच उतरवतात. ग्रहण नव्हे, प्लेग शोधत होतो म्हणून सापडलं.

आता जे झालं ते असं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पियर जान्सेन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेषा (प्रकाशाचे रंग सुटे केले की दिसतात त्या, प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या) इतक्या झगझगीत दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील असं त्याला वाटलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहिल्या. मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला (कृष्णा जिल्हा!), खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यातला धाकटा हर्शेल जमखंडीला. लॉकयर इंग्लंडात. त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्याच ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसेना, हायड्रोजनचीही म्हणता येईना. मग नवं मूलद्रव्य असावं हा तर्क आणि सूर्यावरून हेलियम हे नाव. १८९५ साली विल्यम रॅमसेला ते पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात मिळालं. म्हणजे लॉकयर विजयदुर्गावर पोचला तेव्हा हेलियम प्रयोगशाळेच्या नळीत येऊन तीन वर्षं झाली होती. ‘साहेबाचे ओटे’ खरे, साहेबही खरा. तीस वर्षांचा घोळ आपला.

यात किल्ल्याचं मोठेपण मी कुठे काढून घेतलं? ज्या किल्ल्याशी आंग्र्यांचं आरमार जोडलेलं आहे त्याला हेलियमची उधारी कशाला हवी? आणि सर लॉकयर स्वतः येऊन राहिला, खलाशांना हाताशी धरून त्याने दुर्बिणी लावल्या, हे काय कमी आहे? पण नाही, तुम्हाला ‘शोध इथेच लागला’ हवं.

“सोलापूरकडच्या माणसाने कोकणात नाक खुपसू नये” असंही तुम्ही सुचवलंय. माझी सासुरवाडी देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्याच तालुक्यात आहे. २०११ च्या मे महिन्यात त्या ओट्यांवर मी स्वतः उभा राहिलोय, मेव्हण्याने फोटो काढलाय, उन्हाने माझं टाळकं तापलेलं त्यात स्पष्ट दिसतं. तुम्ही कधी गेला होतात? तेही नावानिशी सांगा. टोपणनावाआड बसून दुसऱ्याच्या धंद्यावर बोलायला हिंमत लागत नाही.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

पट्टा कोकणावरून गेला होता हे तुमचं बरोबर आहे. गेलाच होता. पण पट्टा गेला म्हणून लॉकयर आला असं होत नाही. मुंबईवरून विमान गेलं म्हणून आपण लंडनला जाऊन आलो असं कुणी सांगतं का?

चर्चापानाबद्दल काय बोलू? मजकुराला संदर्भ नव्हता, मी संदर्भ देऊन बदलला. पानाचा इतिहास सगळ्यांना खुला आहे, कुणालाही बदल उलटवता येतो. आजवर कुणी उलटवलेला नाही. चर्चा करायला समोर कुणी तरी असावं लागतं हो, मराठी चर्चापानांवर बऱ्याचदा आपणच प्रश्न टाकायचा आणि वर्षभराने आपणच उत्तर द्यायचं. विचारायला हवं होतं का? असेल. पुढच्या वेळी बघू.

मागच्या लेखातल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवर (पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात ती) तुम्ही “तेही असंच असेल” एवढंच लिहिलंय. असंच नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाबा वेधशाळेची मोजमापं बिघडणार, म्हणून डॉ. मूस यांनी १९०४ साली चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं आणि तिथल्या इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. जाऊन बघा, कोकणातच आहे. त्याचं श्रेय घ्यायला माझी हरकत नाही.

मूळ लेखात मछलीपट्टणाची दुरुस्ती केली आहे. खाली ‘किल्लेदार यांनी लक्षात आणून दिलं’ असं लिहिलंय. पूर्ण नाव लिहिलं असतं, पण ते तुम्ही दिलेलं नाही.